दुःखात असलेल्या माणसाजवळ सिस्टर नेमकं काय करते

हॉस्पिटलात सगळ्यात जास्त वेळा बोललं जाणारं आणि सगळ्यात कमी उपयोगी पडणारं वाक्य म्हणजे ‘रडू नका’. म्हणणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. समोरचा आक्रोश ऐकवत नाही, शेजारच्या बेडवरचा पेशंट घाबरतो, तेवढ्यात राउंड यायचा असतो. पण नवरा जाऊन दहा मिनिटंही झालेली नाहीत अशा बाईला ‘रडू नका’ म्हटल्याने तिचं रडू थांबत नाही. इथे रडायची सोय नाही एवढंच तिला कळतं. मग ती जिन्यात जाऊन रडते, बाथरूममध्ये रडते, किंवा रडतच नाही आणि घरी पोचल्यावर कोसळते.

मी नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवते. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर हे सगळं त्या मन लावून शिकतात, कारण त्याची परीक्षा असते. दुःखात बुडालेल्या माणसाजवळ कसं थांबायचं हे मात्र ज्याच्या त्याच्या स्वभावावर सोडून दिलं जातं. अमुक सिस्टर मायाळू, तमुक सिस्टर तुसडी, असा निकाल लावून सगळे मोकळे होतात. माझं म्हणणं असं की या कामाच्या पायऱ्या आहेत, त्यामागे अभ्यास आहे, आणि तुसडी म्हणवली जाणारी सिस्टरसुद्धा ते उत्तम शिकू शकते. नातेवाइकांनाही ते माहीत असलेलं बरं. सिस्टरची ड्युटी आठ तासांची असते, घरच्यांना पुढची वर्षं निभवायची असतात.

आधी शरीराकडे बघू, कारण दुःखाचा पहिला तडाखा शरीराला बसतो.

२८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री अमेरिकेतल्या बोस्टन शहरात कोकोनट ग्रोव्ह नावाच्या नाइट क्लबला आग लागली आणि ४९२ माणसं गेली. जखमींपैकी अनेकांना मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आणलं होतं. तिथले मनोविकारतज्ज्ञ एरिक लिंडेमन यांनी वाचलेल्यांशी आणि ज्यांचं माणूस गेलं त्यांच्याशी बोलायला सुरुवात केली. पुढे इतर कारणांनी घरचं माणूस गमावलेलेही धरून १०१ जणांच्या निरीक्षणांवर त्यांनी १९४४ साली एक लेख लिहिला. ताजं दुःख लाटांनी येतं आणि एक लाट वीस मिनिटांपासून तासाभरापर्यंत टिकते, असं त्यांनी नोंदवलं. घसा आवळतो, श्वास कोंडतो, सारखे उसासे येतात, पोटात खड्डा पडतो, हातापायांतलं बळ जातं. कुणी त्या माणसाचं नाव काढलं की पुन्हा तेच सुरू होतं.

आपल्या आयसीयूच्या बाहेर, बाकड्यांवर, हेच रोज दिसतं. सिस्टरला यातून मिळणारी पहिली सूचना अगदी साधी आहे: लाट असेल तर ती ओसरणार. ती अडवायच्या भानगडीत पडायचं नाही. ओसरेपर्यंत माणूस पडणार नाही, एकटं राहणार नाही, आणि कुणी त्याच्याभोवती घोळका करून मोबाइलवर शूटिंग करणार नाही एवढं बघायचं. म्हणून आधी खुर्ची, मग पाणी, मग बोलणं. उभ्या माणसाला वाईट बातमी सांगितली तर ते खाली कोसळून डोकं आपटून घेऊ शकतं. हे कॅज्युअल्टीत काम केलेल्या कुणालाही विचारा.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. धक्का बसलेल्या माणसाने ‘छातीत दुखतंय’ म्हटलं तर ‘टेन्शनने होतंय’ म्हणून सोडून द्यायचं नाही. मोठ्या मानसिक आघातानंतर हृदयाचा स्नायू काही काळापुरता दुबळा पडतो, अशी अवस्था जपानी डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास नोंदवली. तिला ताकोत्सुबो म्हणतात. पाळी गेलेल्या बायकांमध्ये ती जास्त दिसते आणि बाहेरून ती हुबेहूब हार्ट अटॅकसारखी वाटते. खरा हार्ट अटॅकही असू शकतो. त्यामुळे ईसीजी काढायचाच. तसंच रात्रभर बाकड्यावर बसलेल्या मधुमेही काकांनी जेवण केलंय का, गोळी घेतलीय का, हे विचारणं हा काही वरवरचा जिव्हाळा नाही. नातेवाईक कागदोपत्री पेशंट नसतो, पण त्या तासापुरता तो सिस्टरचाच पेशंट असतो.

लिंडेमन यांच्याबरोबर काम केलेले गेराल्ड कॅप्लन यांनी १९६० च्या दशकात हा विचार पुढे नेला. माणसाच्या नेहमीच्या युक्त्या, म्हणजे कुणाशी बोलणं, कामात गुंतणं, देवाचं करणं, ज्या वेळी पुऱ्या पडत नाहीत, त्या अवस्थेला त्यांनी मानसिक संकट म्हटलं. ही तीव्र अवस्था बहुधा चार ते सहा आठवड्यांत कुठल्या ना कुठल्या वळणाला लागते. माणूस सावरतो, किंवा कसंबसं तगतो, किंवा आणखी खचतो. आणि या काळात थोडीशी मदतही एरवीपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडते, असं त्यांचं निरीक्षण होतं. हॉस्पिटलात भेटणारी माणसं नेमकी याच काळाच्या तोंडाशी उभी असतात. म्हणून तिथली पाच मिनिटं मोलाची.

बातमी सांगताना

मृत्यूची बातमी डॉक्टरांनी सांगायची असते. पण त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं सिस्टरकडे येतं. आधीचं म्हणजे जागा शोधणं. लिफ्टसमोर, कॉरिडॉरमध्ये, दुसऱ्या पेशंटच्या नातेवाइकांच्या देखत ही बातमी सांगायची नसते. वेगळी खोली नसेल तर ड्रेसिंग रूम रिकामी करून घ्यावी, पडदा ओढावा, दोन स्टुलं ठेवावीत. घरून कोण कोण आलंय ते विचारावं. म्हातारी आई एकटीच असेल तर तिच्याबरोबर कुणीतरी येईपर्यंत थांबता येईल का, हे डॉक्टरांना सुचवावं.

सांगताना शब्द स्पष्ट हवेत. ‘पेशंट सिरियस आहे’, ‘रिस्पॉन्स देत नाही’, ‘आमचे प्रयत्न चालू आहेत’ ही वाक्यं माणूस गेल्यावर बोलली गेली की ऐकणाऱ्याच्या मनात आशेची फट राहते आणि नंतर तीच संशय होऊन परत येते. ‘तेव्हाच गेले होते, तरी तासभर आम्हाला फसवलं’ हा आरोप पुष्कळदा याच गुळमुळीतपणातून उगवतो. ‘काकू, खूप वाईट बातमी आहे. काका गेले. सव्वाचार वाजता त्यांचं हृदय बंद पडलं, परत सुरू करायचे सगळे प्रयत्न केले, पण झालं नाही’. एवढं पुरतं. त्यानंतर गप्प राहायचं. हा गप्प राहण्याचा भाग नव्या मुलींना सर्वात जड जातो. त्यांना वाटतं काहीतरी बोललंच पाहिजे, आणि मग तोंडातून नको ते निघतं: ‘देवाची इच्छा’, ‘सुटले बिचारे’, ‘तुम्हीच असं केलंत तर मुलांकडे कोण बघणार’. शेवटच्या वाक्याने तर जिचा नवरा आत्ता गेला तिच्या डोक्यावर आणखी एक जबाबदारी येऊन बसते.

नातेवाईक स्वतःहून म्हणाले, ‘सुटले हो, फार हाल झाले’, तर मान डोलवावी. तो त्यांचा शब्द आहे. आपण तो आधी उच्चारायचा नाही.

थोड्या वेळाने प्रश्न येतात, आणि तेच तेच येतात. ‘पण सकाळी तर चहा घेतला होता ना?’ सिस्टरने तेच उत्तर तेवढ्याच शांतपणे पुन्हा द्यायचं. धक्क्यात ऐकलेलं डोक्यात टिकत नाही. माणूस बातमी एकदम गिळू शकत नाही, ती घोटाघोटाने घेतो. कागदांचं, बिलाचं, गाडीचं बोलणं कुटुंबातल्या जरा दूरच्या, सावध माणसाशी करावं आणि शक्यतो लिहून द्यावं.

माणूस गेल्यानंतरचा अर्धा तास

आता अशा कामाकडे येते जे बाहेरच्यांना कधी दिसत नाही. पडदा ओढून सिस्टर आणि मावशी मृतदेहाची तयारी करतात. नळ्या काढतात, सलाईनच्या जागी चिकटपट्टी लावतात, रक्त पुसतात, डोळे मिटवतात, हनुवटीला आधार देतात, केस सारखे करतात, स्वच्छ चादर घालतात. केस पोलिसांकडे जाणारी असेल, म्हणजे एमएलसी असेल, तर नळ्या तशाच ठेवायच्या असतात. आणि ते घरच्यांना आधी समजावून सांगायचं असतं, नाहीतर ‘तोंडात नळी तशीच ठेवली’ ही खंत त्यांच्या मनात वर्षानुवर्षं राहते. नेत्रदान करायचं असेल तर सहा तासांच्या आत व्हावं लागतं. तोवर पंखा बंद, डोकं जरा उंच, पापण्यांवर ओला कापूस.

जी सिस्टर हे करताना ‘आजोबा, जरा कुशीवर वळवते हां’ असं पुटपुटते, तिला काही भाबडं म्हणू नका. जिवंतपणी जो माणूस होता तोच तिच्या हाताखाली आहे, हे ती विसरत नाही. आणि पडद्याबाहेर उभ्या असलेल्या मुलाला ते ऐकू येतं. त्याच जागी ‘बेड नंबर सातची बॉडी पॅक झाली का?’ हेही ऐकू येऊ शकतं. त्या मुलाच्या लक्षात कुठलं वाक्य राहील हे आपल्या हातात असतं.

पॅक करण्याआधी घरच्यांना भेटू द्यावं. हात धरू द्यावा, कपाळावरून हात फिरवू द्यावा. कुणाला तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान घालायचं असतं, कुणाला त्रिशरण-पंचशील म्हणायचं असतं, कुणाला चेहरा किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, करून दफन लवकर उरकायचं असतं, कुणाला फादरना बोलवायचं असतं. आडनावावरून अंदाज बांधू नये. ‘तुमच्याकडे या वेळी काही करायची पद्धत आहे का?’ हा एक प्रश्न पुरे. ऑक्सिजन चालू असलेल्या वॉर्डात उदबत्ती पेटवता येणार नाही, हे मात्र सरळ सांगावं आणि पर्यायही द्यावा.

मला इथे एका गोष्टीबद्दल ठामपणे बोलायचं आहे. नवरा गेला की काही घरांमध्ये तिथल्या तिथे, बेडशेजारीच, बायकोच्या बांगड्या आणि मंगळसूत्राकडे कुणाचे तरी हात जातात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव करून ही विधवा प्रथा बंद केली आणि राज्य सरकारने त्याच महिन्यात परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. वॉर्डातल्या सिस्टरला ग्रामसभा घ्यायची नाही. पण ‘मावशी, इथे वॉर्डात काही काढायचं नाही, काच फुटून लागेल, ताईंना बसू द्या आधी’ एवढं ती म्हणू शकते. त्या बाईला त्यातून काही तास मिळतात. काढायचं की नाही हे मग ती घरी जाऊन ठरवेल, किंवा तिच्या बाजूने बोलणारं कुणी तोवर पोचेल.

बाळ गेलेली आई

सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं ते इथे, म्हणून जरा थांबून लिहिते.

बाळ पोटातच गेलं किंवा जन्मल्यावर काही तासांत गेलं, तरी आई बाळंतीणच असते. तिला टाके असतात, रक्तस्राव असतो, ताप येऊ शकतो, रक्तदाब बघावा लागतो. आणि तिला ठेवलं जातं बाळंतिणींच्या वॉर्डात, जिथे डाव्या बाजूला बाळ रडतंय आणि उजव्या बाजूला पेढे वाटले जातायत. वेगळी खोली देणं बहुतेक सरकारी दवाखान्यांत शक्य नसतं हे मला माहीत आहे. पण कोपऱ्यातला बेड, मध्ये पडदा, किंवा डॉक्टरांशी बोलून स्त्रीरोग विभागाच्या दुसऱ्या वॉर्डात जागा, एवढं बऱ्याचदा जमतं. जमत नसेल तर निदान केसपेपरवर आणि हँडओव्हरमध्ये ठळक नोंद हवी, म्हणजे सकाळच्या पाळीची सिस्टर, लस द्यायला आलेली नर्स किंवा साफसफाईच्या मावशी येऊन ‘बाळ कुठंय?’ असं विचारणार नाहीत. या एका प्रश्नाने त्या आईची जी अवस्था होते ती मी पाहिली आहे.

बाळाला बघायचं का, हे तिला विचारावं. घरातली मोठी माणसं बहुधा ‘तिला दाखवू नका, तिला सहन होणार नाही’ म्हणतात. त्यांचंही काळीज तुटत असतं. पण हा निर्णय आईचा आहे. काही आयांना बघायचं असतं, काहींना नको असतं, काही आधी नको म्हणतात आणि तासाभराने विचारतात. दोन्हीपैकी कशाचाही आग्रह धरू नये. बघायचं असेल तर बाळाला पुसून, दुपट्यात नीट गुंडाळून, डोकं झाकून आणावं. आणि आणण्याआधी काय दिसेल ते हलक्या आवाजात सांगावं: त्वचा कशी असेल, अंग गार लागेल. नाव ठरवलं असेल तर त्या नावाने बोलावं. बाप दाराशी उभा असतो, त्यालाही आत बोलवावं. त्याला कुणी विचारत नाही. सगळे त्याला रिक्षा आणायला, फॉर्म भरायला, पुरायची जागा बघायला पिटाळतात.

दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास दूध येतं. बाळ नाही हे शरीराला कुणी सांगितलेलं नसतं. छाती दगडासारखी होते, दुखते, ब्लाउज ओला होतो, आणि बहुतेक आयांना हे होणार आहे असं कुणी आधी सांगितलेलं नसतं. डिस्चार्ज देताना सिस्टरने हे बोललंच पाहिजे. आधार देणारी, पण करकचून न आवळणारी ब्रा घाला, गार पट्ट्या ठेवा, फारच ठणकलं तर आराम पडण्यापुरतंच थोडं दूध काढा, सारखं काढत राहिलात तर आणखी येईल. दूध कमी करायच्या गोळ्या असतात, पण त्या रक्तदाब वगैरे पाहून डॉक्टरच देतील. लाली, ताप, थंडी वाजली तर लगेच या. क्वचित एखादी आई स्वतःहून विचारते की हे दूध दुसऱ्या कुणाला देता येईल का. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली मानवी दुग्धपेढी सुरू झाली. आता अशा पेढ्या इतरही शहरांत आहेत. आईने विचारलं तरच हा विषय काढावा. आपण सुचवलं तर ती मागणी वाटते.

आणि ‘तरुण आहेस, दुसरं होईल’ हे वाक्य कृपा करून कुणीही म्हणू नये. सिस्टरने नाही, सासूने नाही, शेजारणीनेही नाही. तिला दुसरं नको होतं, तिला हेच हवं होतं.

राग

काही माणसं रडत नाहीत, ओरडतात. टेबलावर हात आपटतात, ‘तुम्ही मारलंत’ म्हणतात. त्यात कधी हॉस्पिटलची खरी चूक असते, कधी खर्च भागवताना आलेली असहायता असते, आणि पुष्कळदा आपणच उशिरा आणलं ही बोच असते, जी दुसऱ्या कुणावर टाकल्याशिवाय सहन होत नाही. त्या क्षणी खुलासे देऊ नयेत, केसपेपर पुढे करू नये, ‘शांत व्हा’ म्हणू नये. आवाज खाली, हात मोकळे आणि दिसतील असे, दोन हात अंतर, आणि दाराकडची बाजू आपली. ‘दादा, तुमच्या वडिलांचं असं झालं, राग येणारच. मला सांगा, मी ऐकते.’ बरेचदा एवढ्याने धार कमी होते. होत नसेल, दारू प्यायलेली टोळी असेल, तर तिथे थांबून शौर्य दाखवायचं कारण नाही; सिक्युरिटीला बोलवायचं आणि बाजूला व्हायचं. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे. दुःखी माणसाचा राग समजून घेणं नर्सच्या कामात बसतं, मार खाणं बसत नाही.

‘मला जगायचंच नव्हतं’

मराठवाड्यात, विदर्भात जिल्हा रुग्णालयाच्या मेडिसिन वॉर्डात विष घेतलेला पेशंट ही रोजची गोष्ट आहे. त्याच्याशी वागताना कधी कधी जो तुटकपणा येतो, ‘इथे जगायला धडपडणारे पडलेत आणि तुम्ही…’, तो मला अतिशय खटकतो. कायदाही आता तसा बघत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असं गृहीत धरलं जातं, त्याला शिक्षा करायची नसते, उलट त्याची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही सरकारची जबाबदारी ठरते. आत्महत्येचा प्रयत्न हा गुन्हा ठरवणारं जुन्या दंड संहितेतलं ३०९ कलमही जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलं नाही. पोलिसांना कळवायची पद्धत आहे, ती चालूच राहते. पण तो पेशंट गुन्हेगार नाही.

काही कीटकनाशकांच्या विषबाधेत उतारा म्हणून अ‍ॅट्रोपीन द्यावं लागतं. त्याचा परिणाम म्हणून पेशंट बरळतो, हवेत काहीतरी पकडू बघतो, नळ्या ओढतो. त्याला ‘नाटकं’ म्हणायचं नाही. डॉक्टरांना कळवायचं, डोस बघायचा. शुद्धीवर आल्यावर मात्र खरं काम सुरू होतं. बेड सिस्टरांच्या टेबलाजवळ घ्यायचा, आजूबाजूला फिनेल, ब्लेड, औषधांची पाकिटं राहणार नाहीत हे बघायचं, बाथरूमला जाताना कुणीतरी बरोबर द्यायचं. आणि सरळ विचारायचं: ‘अजूनही मरावंसं वाटतंय का? काही ठरवलंय का?’ असं विचारल्याने डोक्यात विचार घुसतो ही समजूत चुकीची आहे. उलट, कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. उत्तर ‘हो’ आलं तर ते ताबडतोब डॉक्टरांना सांगायचं, मानसोपचारतज्ज्ञांना बोलवायला लावायचं, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन कधीही द्यायचं नाही. घरी जाताना कुटुंबाला टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा नंबर लिहून द्यावा, १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ही मोफत सेवा चोवीस तास चालू आहे आणि मराठीत बोलता येतं. घरातली औषधं आणि फवारणीचे डबे कुलपात ठेवा, हेही तेव्हाच सांगावं.

तेराव्यानंतर

दुःखाच्या पाच पायऱ्या आता सगळ्यांना पाठ असतात: नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली त्या मांडल्या, पण ज्यांचं स्वतःचंच मरण जवळ आलं होतं अशा पेशंटांशी बोलून. नंतर त्या सरसकट सगळ्यांना लावल्या गेल्या, आणि मग ‘अजून स्वीकाराची पायरी आली नाही’ असं लोक एकमेकांना सुनावू लागले. माणसं या क्रमाने जात नाहीत. मला १९९९ साली मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी मांडलेलं चित्र जास्त खरं वाटतं. माणूस दोन कामांत सतत ये-जा करतो, असं ते म्हणतात. एकदा गेलेल्या माणसाची आठवण, रडणं, फोटो बघणं. आणि मग गॅसचा नंबर लावणं, पेन्शनचे कागद, मुलाची फी. ही ये-जा हेच सावरणं. म्हणून आई जाऊन आठ दिवस झालेली मुलगी भावाच्या एखाद्या बोलण्यावर खळखळून हसली तर तिला टोचून बोलू नये.

आपल्याकडे तेरा दिवस घर भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी पाहुणे एसटीत बसतात आणि घर खायला उठतं. डिस्चार्जच्या, नव्हे, निरोपाच्या वेळी सिस्टर एखाद्या समजूतदार नातेवाइकाला बाजूला घेऊन सांगू शकते: ‘तेराव्यानंतर त्यांना फोन करत राहा. जेवतात का, झोपतात का बघा.’ झोपेच्या इंजेक्शनची मागणी त्या दिवशी हमखास होते. अजिबात झोप नसेल तर डॉक्टर थोड्या दिवसांपुरती गोळी देतातही, पण तिने दुःख कमी होत नाही, आणि सवय लागू शकते.

सहा महिने, वर्ष उलटूनही जर दुःख पहिल्या दिवसाइतकंच धारदार असेल, रोजची कामंच बंद पडली असतील, आयुष्याला काही अर्थच उरला नाही असं वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला हवं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत यासाठी निदान सहा महिन्यांची मुदत धरलेली आहे, अमेरिकेच्या मनोविकारांच्या यादीत २०२२ पासून मोठ्या माणसांसाठी वर्षाची. दोन्ही ठिकाणी एक अट आहे: त्या माणसाच्या समाजात, धर्मात जेवढा शोक रीतीला धरून समजला जातो त्याच्या पलीकडे ते जात असेल तरच. वर्षश्राद्धाला डोळे भरून येणं हा आजार नाही.

आणि सिस्टर?

बेड तासाभरात परत भरायचा असतो. सकाळी ज्या आजींनी ‘बाई, तू जेवलीस का?’ विचारलं त्या दुपारी गेल्या, आणि संध्याकाळी त्याच बेडवर हसतमुखाने नव्या पेशंटची हिस्टरी घ्यायची. नर्सच्या दुःखाला समाजात जागा नाही, कारण ती ‘नात्यातली’ नाही. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ ला हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणाला खिळल्या. १८ मे २०१५ ला त्या गेल्या, तोवर जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांच्या कितीतरी तुकड्यांनी त्यांना भरवलं, आंघोळ घातली. त्यांच्या दयामरणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला तेव्हा २०११ च्या निकालात त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार न्यायालयाने केईएमच्या कर्मचाऱ्यांनाच दिला. रक्ताचं नातं नसताना नातं किती खरं असू शकतं, हे त्या निकालाने कागदावर आणलं.

एवढी मोठी गोष्ट रोज घडत नाही. रोज घडतं ते छोटं असतं, आणि त्याची सोयही छोटीच पुरते. मृत्यूनंतर त्या सिस्टरला पाच मिनिटं चेंजिंग रूममध्ये बसू देणं. पहिला मृत्यू पाहणाऱ्या विद्यार्थिनीला पॅकिंगसाठी एकटीला न पाठवणं. सलग दोन मृत्यू झालेल्या पाळीनंतर तीच मुलगी दुसऱ्या दिवशी पुन्हा आयसीयूत लागली असेल तर अदलाबदल करून देणं. आणि नोंदवहीत ‘नातेवाईक शांत आहेत’ असं न लिहिता ‘पत्नी बोलत नाहीत, सकाळपासून पाणी घेतलेलं नाही, भाऊ सोबत आहे, रात्री विचारपूस करावी’ असं लिहिणं, म्हणजे पुढच्या पाळीला नेमकं काय करायचं ते कळतं. यासाठी वरून परिपत्रक यायची वाट बघायला नको. ड्युटी लावणाऱ्या इन्चार्ज सिस्टरला हे उद्यापासून करता येतं.